संशोधनाचा काळ आणि वर्षाचे माप

मराठी विभागांतून होणाऱ्या संशोधनाविषयी चर्चा निघाली की ती बहुधा दर्जाच्या प्रश्नाकडे वळते. दर्जा घसरला आहे, विषयांची पुनरावृत्ती होते, संदर्भांत काटेकोरपणा नाही, या तक्रारी आता परिचयाच्या झाल्या आहेत आणि त्या सर्वस्वी निराधारही नाहीत. परंतु दर्जाच्या प्रश्नाच्या आधी येणारा एक प्रश्न आहे, आणि तो काळाचा आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या अध्यापकीय कारकिर्दीत संशोधनाचे काम कोणत्या गतीने होते? ती गती दरवर्षी सारखी राहणे शक्य आहे काय? आणि शक्य नसेल, तर विद्यापीठीय व्यवस्थेने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? या प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. संशोधनाची विषम गती हा अभ्यासकाचा दोष नसून बहुतांशी कामाचा धर्म आहे, आणि सातत्याची अपेक्षा व्यक्तीपेक्षा संस्थेकडून करणे अधिक न्याय्य आहे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

१

प्रथम काही उदाहरणे पाहू. शं. गो. तुळपुळे यांचा 'यादवकालीन मराठी भाषा' हा ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हे त्यांचे संपादन १९६३ चे. जुन्या मराठीचा जो कोश त्यांनी अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह सिद्ध केला, तो १९९९ मध्ये, म्हणजे तुळपुळे यांच्या निधनानंतर (१९९४) पाच वर्षांनी प्रकाशित झाला. मधल्या काळात त्यांचे अन्य लेखन झालेच. 'पाच संतकवी' (१९४८) आपल्या सर्वांच्या वाचनातले आहे. परंतु प्राचीन मराठीच्या भाषिक अभ्यासाचे जे मुख्य सूत्र, त्याचे हे तीन टप्पे एकवीस वर्षे आणि छत्तीस वर्षे अशा अंतरांनी पडलेले दिसतात. भाषेच्या वर्णनाकडून शिलालेख-ताम्रपटांकडे आणि तेथून कोशाकडे असा तो प्रवास आहे. त्यातील कोणतेही एक वर्ष वेगळे काढून 'या वर्षी काय निष्पन्न झाले' असे विचारले, तर अनेकदा उत्तर देता येणार नाही.

तुळपुळे यांच्याच वयाचे म. वा. धोंड. त्यांचा 'मऱ्हाटी लावणी' हा ग्रंथ १९५६ चा, तर 'ज्ञानेश्वरी : स्वरूप, तत्त्वज्ञान आणि काव्य' १९८० चा. दोहोंमध्ये २४ वर्षांचे अंतर आहे. ज्या ग्रंथाला १९९७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला तो 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' १९९१ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर आला. वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते; महानुभाव वाङ्मयाच्या त्यांच्या दीर्घ व्यासंगाचे फलित असलेली 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती १९७८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाली. माधव जूलियन यांची 'छंदोरचना' १९२७ मध्ये निघाली, आणि तिचे विस्तारलेले, पुनर्घटित रूप १९३७ मध्ये आले. पुढील वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. एकाच विषयावर दहा वर्षांनी पुन्हा तेच पुस्तक लिहिणे, ही आजच्या हिशेबात जवळजवळ न मोजली जाणारी गोष्ट आहे.

मराठी विभागाच्या बाहेरचे, पण महाराष्ट्राच्या विद्याजगतातले सर्वांत ठळक उदाहरण म. म. पां. वा. काणे यांचे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० मध्ये, लेखकाच्या पन्नाशीत प्रसिद्ध झाला. पुढील खंड १९४१, १९४६, १९५३ आणि शेवटचा दोन भागांत १९५८ व १९६२ असे आले. म्हणजे अंतरे अकरा, पाच, सात, पाच आणि चार वर्षांची. त्यातील सात वर्षांच्या अंतरातच मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदाची १९४७ ते १९४९ ही वर्षे येतात. या साऱ्या उद्योगाचा आरंभ 'व्यवहारमयूखा'च्या संपादनाला जोडावयाच्या एका प्रास्ताविकाच्या कल्पनेतून झाला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. जे काम प्रस्तावनेपुरते योजले होते त्याने साडेसहा हजारांवर पृष्ठे आणि तीन दशके घेतली. अशा कामाचा आराखडा आधी मंजूर करून घेता येत नाही.

२

ही विषमता येते कोठून? तिची तीन कारणे संभवतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखणे आवश्यक आहे.

पहिले कारण सामग्रीच्या स्वरूपात आहे. आपल्या विषयातील मूलभूत काम पुष्कळ अंशी हस्तलिखितांशी, मोडी दप्तरांशी, जुन्या नियतकालिकांच्या संचांशी आणि मौखिक परंपरेशी निगडित आहे. संहितासंपादनाचे उदाहरण घ्या. सात-आठ पोथ्या मिळवावयाच्या, त्यांतील एक आधारभूत मानून बाकीच्यांचे पाठभेद ओवीगणिक नोंदवावयाचे, त्यांवरून पोथ्यांची कुळे ठरवावयाची, आणि मग पाठनिर्णय करावयाचा. यातील पहिल्या तीन अवस्थांत निष्कर्ष म्हणून सांगण्यासारखे फारसे काही नसते. असते ते फक्त नोंदींच्या वह्यांत. शिवाय शेवटी हाती आलेली एखादी जुनी पोथी आधी ठरविलेली कुळेच बदलून टाकू शकते. म्हणून प्रामाणिक संपादक मधल्या टप्प्यावर निर्णय जाहीर करण्यास कचरतो, आणि हे कचरणे शास्त्रीय असते. कोशाच्या कामाचीही हीच गत. डेक्कन महाविद्यालयातील संस्कृत कोशाच्या प्रकल्पास १९४८ मध्ये आरंभ झाला. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. मधली २८ वर्षे शब्दनोंदींची होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला आणि ते पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले.

दुसरे कारण आयुष्याच्या आणि नोकरीच्या परिस्थितीत आहे. साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचा भार असतो. छोट्या महाविद्यालयात मराठीचा अध्यापक एकटा किंवा दुकटा असतो; त्याच आठवड्यात त्याला प्राचीन काव्य, भाषाविज्ञान, नाटक आणि आवश्यक मराठीचा मोठा वर्ग असे चार निरनिराळे विषय शिकवावे लागतात. सत्रपद्धतीमुळे परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन आणि उत्तरपत्रिका वर्षातून दोनदा येतात. प्रवेश, मूल्यांकन समितीची कागदपत्रे, राष्ट्रीय सेवा योजना ही कामे वेगळीच. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाची अवस्था याहून बिकट. ज्या सुट्यांत दप्तरखान्यात बसता येईल त्याच काळात त्याची मिळकत बंद असते, आणि कायम नेमणुकीच्या मुलाखतीत मात्र त्याच्याकडे प्रकाशित निबंधांची संख्या मागितली जाते. स्त्री-अभ्यासकांच्या बाबतीत तिशीतली वर्षे बहुधा गर्भारपण, मुलांचे संगोपन आणि घरातील वृद्धांची शुश्रूषा यांत विभागली जातात. पीएच.डी.च्या नियमांनी २०१६ पासून स्त्री-संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु नोकरीतील पुढच्या मूल्यमापनात ही जाण त्या प्रमाणात उतरलेली दिसत नाही. आजाराचेही तसेच. दुर्गा भागवतांना आदिवासी भागातील संशोधनाच्या काळात जडलेल्या आजाराने काही वर्षे अंथरुणाला खिळवून ठेवले. 'ऋतुचक्र' (१९५६), 'व्यासपर्व' (१९६२), 'पैस' (१९७०) ही पुस्तके त्यानंतरची आहेत.

तिसरे कारण अभ्यासकाच्या आत असते, आणि त्याविषयी आपण फारच कमी बोलतो. प्रबंध पूर्ण झाल्यावर एक प्रकारचे रितेपण येते. पाच-सहा वर्षे ज्या प्रश्नाने व्यापलेली होती तो संपतो आणि नवा प्रश्न अद्याप उगवलेला नसतो. पुष्कळ अध्यापकांच्या बाबतीत हे रितेपण कायमचे ठरते. पदवी मिळते, वेतनवाढ मिळते, प्रबंध ग्रंथालयात किंवा 'शोधगंगे'वर जाऊन विसावतो, आणि लेखणी थांबते. काहींच्या बाबतीत मात्र याच काळात वाचनाची दिशा बदलते आणि दुसरा, बहुधा अधिक स्वतःचा असा विषय आकार घेऊ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन अवस्थांतील भेद दिसत नाही. कित्येकदा तो त्या अभ्यासकालाही ठाऊक नसतो.

३

या विषम गतीवर वर्षाचे माप लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने केला. शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकात संशोधनाच्या गटासाठी दरसाल किमान गुणांची अट घातली गेली. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन अध्यापकांची त्या निर्देशांकातून सुटका केली खरी, परंतु वरच्या पदांसाठी संशोधन-गुणांचे कोष्टक ठेवले. त्या कोष्टकात भाषा व मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधास १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र ग्रंथास १० गुण, संपादित ग्रंथास ८ आणि अनुवादित ग्रंथास ८ गुण ठरविले गेले. या हिशेबाने कोलते यांचे 'लीळाचरित्र' ८ गुणांचे ठरले असते, आणि एखाद्या नियतकालिकातील आठ पानांचा निबंध १० गुणांचा. यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

अशा मापाचे परिणाम सर्वांना दिसत आहेत. विषय निवडताना 'यातून काय कळेल' यापेक्षा 'हे केव्हा संपेल' हा विचार प्रबळ होतो. अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण किंवा ग्रामजीवन या साच्यातील निबंध एका सत्रात लिहून होतात. जुन्या नियतकालिकाची सूची होत नाही. एकच प्रबंध सहा निबंधांत कापला जातो. चर्चासत्रांची स्मरणिकावजा संकलने प्रमाणित क्रमांक घेऊन निघतात, आणि शुल्क भरताच निबंध छापणारी नियतकालिके बोकाळतात. या नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ च्या सुमारास मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी चालविली आणि २०२५ मध्ये ती बंद केली. याद्या येतात आणि जातात. पण ज्या मागणीमुळे अशा नियतकालिकांचा व्यवहार चालतो ती मागणी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेली संख्या, तशीच राहते.

यातील सर्वांत मोठी हानी अशी की कष्टाळू परंतु सावकाश काम करणारा तरुण अभ्यासक लवकरच शहाणा होतो. मोडीची कागदपत्रे वाचण्यास शिकण्यात दोन वर्षे घालविणे परवडत नाही, हे त्याला सहकाऱ्यांकडून कळते. मोडी वाचणारे, पोथ्यांचे पाठ पडताळणारे, बोलींची क्षेत्रीय पाहणी करणारे अभ्यासक विभागांतून कमी होत चालले असतील, तर त्याचे कारण केवळ तरुणांच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे.

४

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याचे उत्तर देणे भाग आहे. माप नव्हते तेव्हा तरी काय होत होते? कायम नेमणूक मिळाल्यावर निवृत्तीपर्यंत एक ओळही न लिहिणारे अध्यापक प्रत्येक विद्यापीठक्षेत्रात होते. बढत्या ओळखीपाळखीने होत. 'माझे चिंतन चालू आहे' या वाक्याच्या आडोशाला पुष्कळ आळस सुखाने नांदला. मापाने निदान काहींना लिहिते केले, आणि ओळख नसलेल्या ग्रामीण अध्यापकाच्या हाती दाखविण्याजोगे काही तरी दिले. हा आक्षेप खरा आहे.

दुसरा आक्षेप वर दिलेल्या उदाहरणांवरच घेता येईल. तुळपुळे, धोंड, कोलते यांची नावे आपल्याला आठवतात, कारण त्यांच्या मौनानंतर ग्रंथ आले. ज्यांच्या मौनानंतर काहीच आले नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि त्यांची संख्या निश्चितच अधिक असणार. म्हणून 'थोर संशोधकही वर्षानुवर्षे गप्प होते' एवढ्यावरून आपल्या गप्प राहण्याला थोरपण येत नाही. काणे किंवा राजवाडे यांच्यावर सोळा तासिकांचा भार नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

परंतु या दोन्ही आक्षेपांतून निघते ते एवढेच की मौनामौनात भेद करता आला पाहिजे. तो करता येतो, असे माझे मत आहे. काम चाललेले असेल तर त्याचा माग उरतो. नोंदपत्रे असतात, पाठभेदांच्या वह्या असतात, अर्धवट सूची असते, ग्रंथालयांना व पोथ्यांच्या मालकांना लिहिलेली पत्रे असतात, टाकून दिलेले खर्डे असतात. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे ती माला २२ खंडांपर्यंत नेली. तरीही त्यांच्या निधनाच्या वेळी (१९२६) व्युत्पत्तिविषयक सामग्रीचा मोठा साठा अप्रकाशितच होता, आणि तो धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळामुळे पुढे ग्रंथरूप झाला. ज्या मौनाला असा माग आहे त्याला संशोधन म्हणावे, आणि ज्याला नाही त्याला म्हणू नये. हा भेद कोष्टकाला करता येणार नाही. विषय जाणणाऱ्या दोन समव्यवसायी अभ्यासकांना अर्ध्या दिवसात करता येईल. त्यासाठी त्यांनी छापील पाने मोजण्याऐवजी वह्या उघडून पाहावयास हव्यात.

५

वरील उदाहरणांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले. काम थांबले नाही, श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते तडीस गेले. श्री. व्यं. केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तेवीस खंडांत १९२० च्या दशकात पूर्ण झाला. त्या वेगामागे एका माणसाची असामान्य जिद्द होती, तशीच भागभांडवल उभारून काढलेली संस्था आणि लेखक-साहाय्यकांची फळीही होती. सातत्य हा संस्थेचा गुण आहे, असे यावरून दिसते. व्यक्ती आजारी पडते, प्रशासनात अडकते, कंटाळते, मरण पावते. संस्थेने ही खळगी भरून काढावयाची असतात.

आज आपण नेमके याच्या उलट करतो. व्यक्तीकडून दरसालचे सातत्य मागतो आणि संस्थेचे सातत्य वाऱ्यावर सोडतो. विभागाचे नियतकालिक संपादक बदलला की वर्षभर निघत नाही. विभागातील पोथ्यांची यादी करण्याचे काम सुरू करणारा अध्यापक निवृत्त झाला की कपाटाची किल्लीही सापडत नाही. विद्यार्थ्यांनी जमविलेली ओव्या-गीतांची ध्वनिमुद्रणे कोठे आहेत हे कोणास ठाऊक नसते. विभागाला याचा जाब विचारणारे कोष्टक मात्र कोणी केलेले नाही.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. एक, संशोधनाचे मूल्यमापन वर्षागणिक न करता पाच वर्षांच्या कालखंडाचे व्हावे आणि त्यात संख्येऐवजी अभ्यासकाने स्वतः निवडून दिलेले एक-दोन लेखन वाचले जावे. दोन, संहितासंपादन, सूची, कोश, मोडीचे लिप्यंतर आणि बोलींची पाहणी यांना स्वतंत्र ग्रंथापेक्षा कमी लेखले जाऊ नये. तीन, पंचवार्षिक योजनांच्या काळात अध्यापकांना प्रबंधासाठी अधिछात्रवृत्ती मिळत असे. तिच्या धर्तीवर प्रबंधोत्तर कामासाठी एका सत्राची मोकळीक असावी. निधी नसेल तेथेही परीक्षा व मूल्यांकनाची कामे आळीपाळीने वाटून दरवर्षी एका सहकाऱ्याला त्यांतून सोडविणे विभागप्रमुखाच्या हाती असते. जेथे विभागात एकच अध्यापक आहे तेथे जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून हे करावे. चार, आपल्यासारख्या नियतकालिकांनी पूर्ण निबंधांबरोबरच छोटी टिपणे, पोथ्यांची वर्णने, अपुऱ्या सूचीचे हप्ते आणि 'अमुक दप्तरात शोध घेतला, काही मिळाले नाही' अशा नोंदीही छापाव्यात. दुसऱ्याचे सहा महिने त्यामुळे वाचतात, आणि चालू कामाचा माग सर्वांसमोर राहतो.

राहता राहिला प्रश्न अभ्यासकाचा, विशेषतः नुकताच प्रबंध सादर केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा. व्यवस्था बदलेपर्यंत त्याने काय करावे? संख्येची अट असेल ती भागविल्यावाचून त्याला गत्यंतर नाही, आणि त्याबद्दल त्याला दूषण देण्याचा अधिकार कायम नोकरीत बसलेल्या आपल्याला नाही. परंतु त्या निबंधांपलीकडे एक काम असे असावे की ज्याला मुदत नाही. ते रोज होणार नाही. परीक्षांच्या महिन्यांत ते सर्वस्वी बंदही राहील. अशा काळात नव्या विचाराची अपेक्षा न धरता नोंदी जुळविणे, पानांचे क्रमांक पडताळणे, सूचीत दहा शब्दांची भर घालणे एवढे जरी झाले तरी धागा हाती राहतो. आणि धागा हाती असलेल्याला सुटी लागताच कामाला बसता येते, तो सुटलेल्याची अर्धी सुटी जुनी वही समजून घेण्यात जाते. त्या वहीवर तारखा घालाव्यात. पुढे कधी कोणी विचारलेच की या वर्षांत तुम्ही काय केले, तर उत्तर तिच्यात सापडेल. आणि कोणी विचारले नाही, तरी विभागात मागून येणाऱ्याला ती उपयोगी पडेल, इतपत सुवाच्य ती असावी.